आयरिश आजी-आजोबांच्या आधारे नागरिकत्व : अर्ज कुठे अडतो

आजी किंवा आजोबा आयर्लंड बेटावर, म्हणजे आजच्या उत्तर आयर्लंडमध्येसुद्धा, जन्मलेले असतील, तर परदेशात जन्मलेल्या नातवंडाला ‘फॉरेन बर्थ्स रजिस्टर’मध्ये, म्हणजे परदेशात जन्मलेल्यांच्या आयरिश नोंदवहीत, नाव नोंदवून आयरिश नागरिकत्व मिळवता येते. ऑनलाइन अर्ज भरून, साक्षीदाराची सही घेऊन तिन्ही पिढ्यांचे मूळ दाखले आयर्लंडच्या परराष्ट्र खात्याकडे टपालाने पाठवायचे असतात.

बहुतेकांचे घोडे अडते ते आजोबांच्या जन्मदाखल्यापाशी. ‘1922 च्या आगीत सगळे जळाले’ असे सांगून आयरिश वंशाची अनेक अमेरिकन कुटुंबे शोधच सोडून देतात, आणि याचे फार वाईट वाटते, कारण डब्लिनच्या सरकारी दफ्तरखान्याच्या त्या आगीत जनगणनेचे जुने कागद गेले असले तरी 1864 पासूनच्या जन्मनोंदी सुरक्षित आहेत. मात्र त्या गावाच्या नव्हे, नोंदणी जिल्ह्याच्या नावाने लावलेल्या आहेत. घरात सगळे गावाचे नाव ‘किल्की’ म्हणत आले, पण नोंद सापडते ‘किलरश’ या नोंदणी जिल्ह्याखाली. गावच ठाऊक नसेल, तर आजोबांनी अमेरिकन नागरिकत्व घेतल्याचे कागद पाहावेत. 1906 नंतरच्या अर्जांत जन्मगाव लिहिलेले असते, त्याआधी बहुधा नुसते ‘आयर्लंड’.

नोंद सापडली की जुन्या नोंदींच्या संकेतस्थळावरील तिचे चित्र छापून जोडण्याची घाई करू नये. ते केवळ शोधासाठी असते. अर्जाला आईवडिलांची नावे असलेला अधिकृत दाखलाच लागतो.

तारखांचा घोळ तर नेहमीचाच. जन्म 42 दिवसांत नोंदवला नाही तर दंड बसू शकत असे, म्हणून उशीर झालेले आईबाप अलीकडची तारीख सांगत. त्यामुळे बाप्तिस्मा 3 मार्चचा आणि जन्म 20 मार्चचा, असेही आढळते. ‘ओ’ब्रायन’सारख्या आडनावाच्या सुरुवातीचा ‘ओ’ कुठे असतो, कुठे गळलेला असतो. अशी तफावत दिसली तर ती लपवू नये, अर्जासोबत लेखी खुलासा द्यावा. शंभर वर्षांपूर्वीच्या कारकुनाच्या अक्षरासाठी आजच्या नातवाने हेलपाटे घालावेत हे अन्यायाचे आहे, पण खुलाशाविना अर्ज रखडतोच.

केवळ पणजोबा आयरिश असतील तर तेवढ्याने हक्क मिळत नाही. आईने किंवा वडिलांनी अर्जदाराच्या जन्माआधीच त्या नोंदवहीत नाव घातलेले असावे लागते. नागरिकत्व नोंद झाल्याच्या दिवसापासून लागू होते, अर्ज पाठवल्याच्या दिवसापासून नव्हे. म्हणून घरात बाळ येणार असेल तर आईवडिलांनी आपला अर्ज आजच पाठवावा.