कोल्लिओचा तोकाय आणि त्याचे गेलेले नाव

इटलीच्या ड्राय व्हाइट वाईनचा विषय निघाला की बहुतेक जण सोआवे किंवा पिनो ग्रिजिओपासून सुरुवात करतात. इथे मुद्दाम ईशान्येचा कोपरा घेतला आहे: फ्रिउली, त्यातही स्लोव्हेनियाच्या सीमेला टेकलेल्या कोल्लिओच्या टेकड्या, आणि तिथली एकेकाळी तोकाय म्हणवणारी व्हाइट. चव आणि नाव यांचा इतका गुंता इटलीतल्या दुसऱ्या कुठल्या व्हाइटच्या वाट्याला आला असेल असे वाटत नाही.

जुना काळ थोडक्यात. रोमच्या एका सम्राज्ञीने आपल्या दीर्घायुष्याचे श्रेय याच बाजूच्या किनाऱ्यावरच्या वाईनला दिले होते, ही गोष्ट इथे अजून अभिमानाने सांगतात. पहिल्या महायुद्धापर्यंत कोल्लिओ ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होते. १९१५ ते १९१७ या काळात इसोंझो नदीकाठच्या लढायांत ओस्लाव्हियाचे उतार तोफांनी अक्षरशः भाजून निघाले. १९४७ मध्ये नवी सीमारेषा आली आणि सलग बागांचे दोन तुकडे झाले. इकडचा भाग कोल्लिओ, पलीकडचा ब्र्दा. दोन्ही शब्दांचा अर्थ एकच, टेकड्या.

आज आपण चाखतो ती फ्रिउलीची व्हाइट मात्र १९६०च्या दशकात घडली. तोवर द्राक्षे सालींसकट आंबवायची, रस जुन्या लाकडी पिंपांत ठेवायचा, आणि उन्हाळा आला की वाईन तपकिरी पडायची. मग काही उत्पादकांनी जर्मनीतली पद्धत उचलली. द्राक्षे हलक्या दाबाने पिळायची, रस लगेच सालींपासून वेगळा करायचा आणि थंड ठेवलेल्या टाक्यांत आंबवायचा. कोल्लिओला डीओसी, म्हणजे ठरावीक प्रदेशातल्या आणि ठरावीक नियमांनी केलेल्या वाईनचा सरकारी दर्जा, मिळाली १९६८ मध्ये. स्वच्छ, फिकट, ताज्या वाईनची ही लाट इथून इटलीभर गेली. कुठल्या वाणाची चव नेमकी काय, हे लोकांना त्यानंतरच जिभेवर कळू लागले.

त्यात घरचा वाण तोकाय फ्रिउलानो. गावातल्या खानावळीत ‘तायूत’, म्हणजे वाईनचा छोटा ग्लास, मागितला की समोर बहुधा तोच येई.

ही वाईन चाखताना घाई नको. फ्रिजमधून काढल्या काढल्या तिला वासच लागत नाही. ११-१२ अंशांपर्यंत येऊ द्यावी. रंग गवताच्या वाळल्या काडीचा, कडेला किंचित हिरवी झाक. आधी रानफुले, मग पिकलेला पेअर. तोंडात घेतली की आंबटपणा बेताचाच लागतो, लिंबासारखा अंगावर येत नाही. वाईन जिभेवर भरून बसते. खरी ओळख पटते गिळल्यानंतर. जर्दाळूची बी फोडून आतला गर चावल्यावर जी कडवट चव मागे रेंगाळते, अगदी तीच. हिला दोष समजून नाक मुरडणारे भेटतात. त्यांनी सान दानिएलेच्या हॅमची पातळ, चरबीची कड असलेली चकती तोंडात टाकून पुढचा घोट घ्यावा. खारट चरबी आणि कडवटपणा एकमेकांना कसे सांभाळून घेतात, ते सांगावे लागत नाही. टेकड्यांची माती, स्थानिक भाषेत ‘पोंका’, म्हणजे चुनखडीयुक्त चिकणमाती आणि वालुकाश्म यांचे एकाआड एक थर. ढेकूळ हातात दाबले तरी चुरते. वाईनला येणारी खारट कड या मातीमुळे, असे बागवाले सांगतात.

आता नावाकडे. हंगेरीत तोकाय नावाचे गाव आहे आणि भोवतालचा वाईनचा प्रदेश १७३७ मध्ये राजाज्ञेने आखून दिलेला आहे. तिथली प्रसिद्ध वाईन गोड, मधाच्या रंगाची, मुख्यतः फुरमिंत द्राक्षाची. १९९३ मध्ये हंगेरी आणि युरोपीय समुदाय यांच्यात वाईनच्या नावांचे परस्पर संरक्षण करण्याचा करार झाला. त्यानुसार इटलीच्या उत्पादकांना ‘तोकाय’ हा शब्द ३१ मार्च २००७ पर्यंतच वापरता येणार होता. फ्रिउलीने दाद मागितली, प्रश्न रोमच्या प्रशासकीय न्यायालयातून लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयात गेला आणि १२ मे २००५ रोजी निकाल विरोधात लागला.

निकालाचा कणा एकच होता: हंगेरीचा तोकाय हे ठिकाणाचे नाव, इटलीचा तोकाय हे द्राक्षाच्या वाणाचे. दोन सारख्या नावांनी शेजारी नांदावे, ही सवलत फक्त ठिकाणांच्या नावांना. हापूस म्हणजे जात आणि देवगड म्हणजे गाव, हा फरक आपल्याला सवयीचा आहे. न्यायालयाने त्याच फरकावर बोट ठेवले. उत्पादकांची मालमत्ता हिरावली जात नाही, वाईन ते विकू शकतात आणि बदलासाठी १३ वर्षे मिळाली आहेत, असेही म्हटले.

कायद्याच्या चौकटीत याला उत्तर देणे अवघड आहे. पण फसवणूक कोणाची होत होती? एक वाईन गोड, अर्ध्या लिटरच्या बाटलीत. दुसरी कोरडी, फिकट, जेवणाबरोबरची. १६३२ मध्ये फ्रिउलीची एक मुलगी हंगेरीच्या सरदाराकडे लग्न होऊन गेली तेव्हा तिच्या हुंड्यात तोकायच्या ३०० वेली होत्या, असा दावाही पुढे केला गेला. त्यावर विश्वास ठेवणारे कमी. वनस्पतिशास्त्र तर दोन्ही बाजूंना निरुत्तर करते: फ्रिउलीचा हा वाण मूळचा फ्रान्सचा सोव्हिन्योनास, फुरमिंतशी त्याचा संबंध नाही. चिलीत हाच वाण कित्येक वर्षे सोव्हिन्यों ब्लां म्हणून विकला गेला. शब्द हंगेरीचा, वेल फ्रान्सची हे खरे. तरी पिढ्यान्‌पिढ्या तो शब्द ज्या चवीसाठी तोंडात बसला होता ती चव फ्रिउलीचीच होती. निकालात तिला जागा मिळाली नाही, आणि ते आजही खटकते.

फटका एकट्या फ्रिउलीला बसला नाही. फ्रान्सच्या अल्सासमध्येही पिनो ग्रीच्या लेबलावरचा ‘तोके’ पुसावा लागला. फ्रिउलीने ‘फ्रिउलानो’ एवढेच ठेवले, म्हणजे फ्रिउलीचा. वाण म्हणून हरलेल्या वाईनला अखेर ठिकाणाचेच नाव मिळाले. शेजारच्या व्हेनेतोने ‘ताय’ असे तोडके रूप घेतले. तिथे ‘ताय रोस्सो’ही आहे, ती रेड वाईन आहे, वेगळ्याच द्राक्षाची, ग्रेनाशची. नवख्याने लेबल वाचताना हे लक्षात ठेवावे.

इटलीने धडा लवकर घेतला. २००९ मध्ये प्रोसेक्को द्राक्षाचे नाव बदलून ‘ग्लेरा’ केले आणि त्रिएस्तेजवळचे प्रोसेक्को गाव डीओसीच्या हद्दीत घेऊन ते नाव ठिकाणाचे करून टाकले. तोकायच्या बाबतीत नव्हता तो आधार इथे, त्याच फ्रिउली-व्हेनेझिया जुलिया प्रदेशातल्या एका गावामुळे, मिळाला.

दरम्यान ओस्लाव्हियात १९९०च्या दशकाच्या अखेरीपासून काही जण साली रसात राहू देण्याच्या जुन्या रीतीकडे परतले. एकाने तर जॉर्जियाहून मातीचे रांजण आणून जमिनीत पुरले. या वाईन नारिंगी, किंचित तुरट. त्यांचा रंग आणि वास डीओसीच्या साच्यात बसेना, म्हणून कित्येकांनी कोल्लिओचे लेबल सोडून साध्या दर्जाखाली विक्री सुरू केली. त्यांतल्याच एका घराच्या बाटलीवर, फ्रिउलानोच्याच द्राक्षापासून केलेल्या वाईनवर, नाव छापलेले असते ‘याकोत’ (Jakot). ही रोमन अक्षरे उलटी वाचली की Tokaj, तोकाय.