श्रीमंतांवर कर? हो, पण थांबा जरा

ऑक्टोबर 2010. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात टीव्हीवर एक जाहिरात लागायची. पाण्याचा हौद, त्यावर फळी आणि फळीवर बसलेले पंच्याऐंशीच्या घरातले बिल गेट्स सीनियर, म्हणजे मायक्रोसॉफ्टवाल्या बिल गेट्सचे वडील. नेम लागला की फळी निसटते आणि आजोबा धपकन पाण्यात! श्रीमंतांना बुडवायला हा कर आणलेला नाही, पुढच्या पिढीसाठी आणलाय, असा त्या गमतीचा मथितार्थ.

जाहिरात होती थेट लोकांच्या मतदानाला आलेल्या प्रस्ताव क्रमांक 1098 ची. वॉशिंग्टनमध्ये तेव्हा राज्याचा प्राप्तिकर नव्हता. तिजोरी बरीचशी विक्रीकरावर चालते, त्यामुळे कमी कमावणाऱ्याच्या मिळकतीतला मोठा वाटा करात जातो आणि बड्यांचा लहान. प्रस्ताव असा होता, की एकट्या माणसाच्या वर्षाला दोन लाख डॉलरच्या वरच्या उत्पन्नावर 5 टक्के आणि पाच लाखांच्या वर 9 टक्के कर घ्यायचा (जोडप्यासाठी मर्यादा दुप्पट), आणि पैसा शिक्षण-आरोग्याला द्यायचा. बहुतेक मतदारांना यात दमडीही भरावी लागणार नव्हती. निवडणुकीआधी काही महिने झालेल्या पाहणीत बहुमत बाजूने होतं. प्रत्यक्षात 64 टक्के लोकांनी विरोधात मत दिलं.

याचं एक ठरलेलं स्पष्टीकरण आहे: उद्या आपणही श्रीमंत होऊ, या आशेवर लोक श्रीमंतांची पाठराखण करतात. मला ते फारसं पटत नाही. विरोधकांनी, ज्यांना मायक्रोसॉफ्टचे तेव्हाचे प्रमुख स्टीव्ह बॉलमर आणि अ‍ॅमेझॉनचे जेफ बेझोस यांनी पैसा पुरवला होता, श्रीमंतांची कड घेऊन प्रचार केलाच नाही. त्यांचा मुद्दा साधा होता. राज्याच्या कायद्याप्रमाणे दोन वर्षांनी विधिमंडळ साध्या बहुमताने या प्रस्तावात बदल करू शकतं. मग हा कर आज त्यांच्यावर असला, तरी उद्या तुमच्यावर येणार नाही कशावरून?

हा संशय नेमका किती वजनाचा असतो, हे मोजायचं कसं? नुसतं मत विचारून भागत नाही, कारण माहिती असणारा आणि नसणारा माणूस इतर शंभर बाबतींतही वेगळा असतो. म्हणून संशोधक औषधाच्या चाचणीसारखी रचना करतात. चिठ्ठ्या टाकल्यासारखे लोकांचे दोन गट पाडायचे, एकाला माहिती द्यायची, दुसऱ्याला नाही, आणि मग दोघांना तेच प्रश्न विचारायचे. उत्तरांत फरक पडला तर तो माहितीमुळेच.

इल्याना कुझिएम्को, मायकल नॉर्टन, इमॅन्युएल साएझ आणि स्टेफनी स्टँचेवा या चौघांनी सुमारे चार हजार अमेरिकनांवर हाच प्रयोग ऑनलाइन केला. निष्कर्ष 2015 मध्ये प्रसिद्ध झाले. एका गटाला पडद्यावर स्वतःच्या घराचं उत्पन्न टाकायला सांगितलं. लगेच दिसे, देशातल्या किती टक्के कुटुंबांच्या पुढे आपण आहोत. 1980 पासूनची वाढ सगळ्यांना सारखी मिळाली असती तर आज आपलं उत्पन्न किती असतं, हेही दिसे. हे पाहून लोक हादरले. विषमता ही गंभीर समस्या आहे, असं म्हणणाऱ्यांचं प्रमाण चांगलंच वाढलं. मग ती कमी करण्याचे उपाय विचारले, तर उत्तरं जवळजवळ जिथल्या तिथे!

अपवाद एकच, वारसाहक्काच्या संपत्तीवरचा कर. हा कर आपल्या आईवडिलांच्या घरावरही बसेल, अशी अनेक अमेरिकनांची समजूत असते. हजार मृतांमागे फक्त एकाच्या मालमत्तेला तो लागू होतो, एवढं सांगितल्यावर त्याचा पाठिंबा दुपटीच्या आसपास गेला. मन पालटायला ‘हा माझ्या दारात येणार नाही’ एवढी खात्री पुरली.

बाकी उपायांचं घोडं कुठे अडलं? संशोधकांना सापडलेलं कारण मला या सगळ्यात सर्वांत बोलकं वाटतं. विषमतेचं भयंकर चित्र पाहिलेल्या लोकांचा सरकारवरचा विश्वासच कमी झाला होता. इतकी वर्षं हे घडू दिलं ते याच सरकारने, मग आणखी पैसा त्यांच्याच हाती का द्यायचा? म्हणजे समस्या जितकी रंगवून सांगावी, तितका ती सोडवणाऱ्यावरचा भरवसा आटतो. विषमतेचे आलेख घेऊन फिरणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यायला हवं.

शिवाय, श्रीमंत म्हणजे कोण? विचारा कुणालाही, आपण मध्यमवर्गीयच. अर्जेंटिनाची राजधानी ब्वेनोस आयरेसमधल्या एका पाहणीत गरीब स्वतःला वरचे समजत होते आणि बरे कमावणारे खालचे. आपण वाटतं त्यापेक्षा गरीब आहोत हे कळलेल्यांनी गरिबांसाठी जास्त मदत मागितली. स्वीडनमध्ये उलट बाजू दिसली: बहुतेकांना आपलं स्थान खरं आहे त्याहून खालचं वाटत होतं, आणि ‘तुम्ही वरचे आहात’ असं सांगितल्यावर त्यांच्यातले, विशेषतः उजव्या विचारांचे, पुनर्वाटपाबद्दल जरा थंडावले.

वॉशिंग्टनची गोष्ट मात्र 2010 मध्ये संपली नाही. 2021 मध्ये तिथल्या विधिमंडळाने शेअर-रोख्यांसारख्या गोष्टी विकून वर्षाला अडीच लाख डॉलरपेक्षा जास्त नफा कमावणाऱ्यांवर 7 टक्के कर बसवला. घर-जमिनीची विक्री आणि निवृत्तीचा फंड यांना स्पष्ट सूट. पैसा शाळांना आणि पाळणाघरांना. पाऊण कोटीहून जास्त वस्तीच्या राज्यात पहिल्या वर्षी तो भरणारे निघाले चार हजारांच्या आसपास. 2024 मध्ये हा कर रद्द करायचा प्रस्ताव मतदानाला आला, तेव्हा 64 टक्के लोकांनी नकार दिला. आकडा तोच, बाजू उलटी. अर्थात ही प्रयोगशाळा नव्हे. 2010 मध्ये मंदीचे चटके ताजे होते, आणि असलेली गोष्ट काढून टाकायला लोक तसेही कचरतात. तरी आपल्या घराला झळ नाही आणि पैसा कुठे जातो हे दिसतं, या दोन्ही अटी यावेळी पुऱ्या झाल्या होत्या.

पैसा कुठे जातो हे आधी सांगून कर लावायचं उदाहरण महाराष्ट्राच्याही गाठीशी आहे. सांगली जिल्ह्यात तासगाव तालुक्यातल्या विसापूरला विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमीची कल्पना 1972 च्या दुष्काळानंतर राज्यभर वाढली. खर्चासाठी 1975 मध्ये व्यवसाय कर आला. शहरातल्या पगारदाराकडून घेऊन गावातल्या मजुराला काम द्यायचं, आणि जेवढा कर जमेल तेवढीच भर सरकारने घालायची. शहरांनी तो निमूट भरला. गावात काम मिळालं तर मुंबईकडे येणारे लोंढे थांबतील हा हिशेबही त्यामागे होता, असं अभ्यासक सांगतात.

तोच कर आजही पगाराच्या स्लिपवर ‘पी.टी.’ म्हणून असतो. महिन्याला 200 रुपये, फेब्रुवारीत 300, वर्षाचे 2,500. राज्यघटनेच्या कलम 276 ने घातलेली ही कमाल मर्यादा 1988 पासून हललेली नाही. वर्षाला पाच लाख मिळवणाऱ्याला तो अर्धा टक्का पडतो. पाच कोटी मिळवणाऱ्यालाही 2,500 च, म्हणजे 0.005 टक्के. ऑफिसच्या कँटीनमध्ये प्राप्तिकराच्या स्लॅबवर तासभर वाद घालणाऱ्यांना एकदा विचारून पाहा, फेब्रुवारीत शंभर रुपये जास्त का कापतात आणि ते मुळात कशासाठी होते. एक भाबडा अंदाज सांगतो: स्लॅब तोंडपाठ असणाऱ्यांतले फार थोडे रोजगार हमीचं नाव घेतील.