बॅटरीच्या 80 टक्क्यांचा घोळ: पार्श्वभूमी

मे 2017 मध्ये नागपुरात सुमारे 200 विजेवरच्या टॅक्सी, ऑटो आणि बस एकदम धावू लागल्या, तेव्हा वाद चार्जिंगच्या रांगांचा होता. बॅटरी बदलायला किती पैसे लागतील, हे फारसे कोणी विचारत नव्हते. आता विचारतात. 2020 च्या सुरुवातीला 8 वर्षे किंवा 1,60,000 किमीच्या वॉरंटीवर विकलेल्या गाड्यांची मुदत 2028 मध्ये भरू लागेल.

या चर्चेत सगळ्यात जास्त गोंधळ घालतो तो 80 टक्क्यांचा आकडा. तो आला 1990 च्या दशकातल्या अमेरिकी चाचणी-नियमावलीतून: बॅटरीची साठवण-क्षमता मूळच्या 80 टक्क्यांखाली गेली की चाचणी थांबवायची. त्या काळच्या शिसे-आम्लाच्या बॅटरीवर गाडी जेमतेम 100-150 किमी जायची, म्हणून पाचवा हिस्सा गेला तरी अडायचे. प्रयोगशाळेतली ही थांबण्याची खूण पुढे ‘बॅटरी संपली’ या अर्थाने रूढ झाली. वॉरंटीत बहुधा 70 टक्क्यांचा आकडा असतो, आणि तोही फक्त भरपाईचा उंबरठा. 200 किमी खरी रेंज असलेली गाडी 70 टक्क्यांवर 140 किमी देते. नागपुराहून वर्ध्याला जाऊन येताना मध्ये चार्जिंग लागेल. शहरातल्या शहरात, बर्डी ते मिहान ही रोजची ये-जा मात्र पुढेही बिनघोर चालेल.

शिवाय उरलेल्या क्षमतेचा हा टक्का थेट मोजलेला नसतो, बॅटरीच्या यंत्रणेने काढलेला अंदाज असतो. मे 2024 मध्ये नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने 56 अंश तापमान दाखवले होते. बिघाड सेन्सरचा निघाला. बॅटरीच्या टक्क्याचेही तसेच होऊ शकते. लोह-फॉस्फेट या रसायनाच्या सेलचा (सेल म्हणजे बॅटरीतला सुटा घटक) व्होल्टेज चार्जच्या मधल्या टप्प्यात जवळपास सपाट राहतो, त्यावरून चार्ज नीट कळत नाही, त्यामुळे महिनोन्‌महिने 40 ते 80 टक्के चार्जमध्येच फिरवलेल्या गाडीचा अंदाज भरकटतो. अशी गाडी 10 टक्क्यांपर्यंत उतरवावी, घरच्या संथ (एसी) चार्जरवर 100 पर्यंत नेऊन काही तास जोडलेलीच ठेवावी, असे दोनदा करावे, मग बॅटरीच्या क्षमतेचा रिपोर्ट काढावा. त्यानंतरही पूर्ण चार्जला एखाद्याच सेलचा व्होल्टेज बाकीच्यांपासून फटकून असेल, तर दोष बहुधा एका मॉड्यूलचा, म्हणजे सेलच्या एका गटाचा असतो. सेल एकामागे एक जोडलेले असल्याने एक कमजोर सेल सगळ्या पॅकला, म्हणजे अख्ख्या बॅटरीला रोखतो. मॉड्यूल बदलताना नव्याचा व्होल्टेज जुन्यांशी जुळवून घेतला नाही, तर थोड्याच दिवसांत तीच तक्रार परत येते.

उन्हाचा धडा 2012 चा. अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनात द्रव-शीतकरण (बॅटरी द्रवाने थंड ठेवण्याची सोय) नसलेल्या विजेच्या गाड्यांची बॅटरी-क्षमता पहिल्या दोन-एक वर्षांतच घसरली, आणि पुढच्या वर्षी उत्पादकाला क्षमतेची वेगळी वॉरंटी द्यावी लागली. मे 2013 मध्ये 47.9 अंश पाहिलेल्या नागपुराला हे जास्त लागू. द्रव-शीतकरण असले तरी बंद उभ्या गाडीत ते बहुधा चालत नाही, म्हणून पूर्ण चार्ज करून दुपारभर उन्हात ठेवणे सगळ्यात वाईट.

किमतीचा इतिहास थोडक्यात: 2010 मध्ये पॅकची जागतिक सरासरी किलोवॅट-तासाला 1,000 डॉलरच्या वर, 2024 मध्ये 115. मध्ये 2022 ला लिथियम महागले आणि किंमत उलटी चढली. 115 प्रमाणे 30 किलोवॅट-तासांचा पॅक 84 रुपयांच्या डॉलरने सुमारे 2.9 लाखांचा होतो. सर्व्हिस सेंटरचे कोटेशन याहून चढेच येते, कारण ही सरासरी मोठ्या घाऊक खरेदीची आहे. सुट्या पॅकवर वाहतूक, साठवण, मजुरी आणि नफा चढतो. घन-इलेक्ट्रोलाइटची (आत द्रवाऐवजी घन पदार्थ असलेली) नवी बॅटरी येणार म्हणून थांबणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे, की नवे रसायन जुन्या गाडीच्या खोक्यात आणि सॉफ्टवेअरमध्ये सहसा बसत नाही.

कराचा निर्णय तर न पटणाराच. ऑगस्ट 2019 पासून विजेच्या गाडीवर जीएसटी 5 टक्के, त्यामुळे तिच्या आतल्या बॅटरीवरही तेवढाच. तीच बॅटरी सुटी घेतली की 18 टक्के. वर धरलेल्या 2.9 लाखांच्या पॅकवर हा फरक साधारण 38,000 रुपयांचा. 2025 मध्ये एका देशी कंपनीने ‘लाइफटाइम’ वॉरंटी आणली, पण त्यातले आयुष्य म्हणजे पहिल्या नोंदणीपासून 15 वर्षे, तेही पहिल्या मालकापुरते. सेकंड-हँड घेणाऱ्याने वॉरंटी-पुस्तिकेतले हस्तांतरणाचे कलम सौद्याआधी वाचावे.