आश्रमात सेवक म्हणून राहायचंय? कोल्हापुरातून अर्ज करताना काय काय लागतं

गंगावेस तालमीत राहायला आलेला नवा पोरगा पहिल्या दिवशी डाव शिकत नाही. आधी फावडं घेऊन आखाडा उकरतो, झाडलोट करतो, मोठ्या मल्लांना हवं-नको बघतो. वस्तादांचं लक्ष त्याच्याकडे नंतर जातं. योगाश्रमात सेवक म्हणून राहायला जाणं त्याच जातीचं काम आहे, एवढं डोक्यात ठेवलं तर निम्मे गैरसमज होणारच नाहीत. "राहणं-जेवण फुकट, सकाळी आसनं, दुपारी थोडी झाडलोट" एवढ्या ऐकीव माहितीवर अर्ज टाकणारे आपल्याकडे बरेच. मीही त्यातलाच. माझा पहिला अर्ज एका आश्रमानं परत पाठवला, कारण 'येण्याचा उद्देश' या रकान्यात मी 'मनःशांती' असं लिहिलं होतं. फोनवरच्या बाई सरळ म्हणाल्या, "मनःशांतीसाठी शिबिराला या दादा. सेवेला आम्हाला स्वयंपाकघरात माणूस हवाय."

आधी ठरवा, कोण म्हणून जाताय

आश्रमात शिरायची दारं तीन आणि तिन्हींचे अर्ज वेगळे. शिबिरार्थी म्हणून गेलात तर ठरलेले दिवस, ठरलेला कार्यक्रम आणि बहुतेक ठिकाणी ठरलेले पैसे. सेवक म्हणून गेलात तर रोज काही तास काम आणि त्या बदल्यात राहणं-जेवण. काही ठिकाणी सेवकाकडूनही जेवणखर्च घेतात, तेव्हा ते आधीच विचारा. तिसरं दार आश्रमवासी होण्याचं. तिथं अर्ज हा फक्त सुरुवातीचा कागद असतो. खरी परीक्षा म्हणजे आधी काही महिने सेवक म्हणून काढणं. पहिल्याच पत्रात "मला कायमचं राहायचं आहे" असं लिहिणाऱ्याकडे कुठलंही व्यवस्थापन जरा संशयानंच बघतं आणि ते बरोबरच आहे. घरात भांडण झालंय की नोकरी गेलीय, हे त्यांना आधी कळून घ्यायचं असतं.

लोणावळ्याचं कैवल्यधाम हे पहिल्या दाराचं आपल्याला सोयीचं उदाहरण. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये सुरू केलेली ही संस्था. तिथल्या आरोग्य शिबिराला जायचं तर खोलीच्या प्रकाराप्रमाणे पैसे भरून जागा घ्यायची. योगाचा अभ्यासक्रम करायचा तर विद्यार्थी म्हणून प्रवेश घ्यायचा, म्हणजे शैक्षणिक कागदपत्रं आली. केरळात नेय्यार धरणाशेजारच्या शिवानंद आश्रमात पैसे भरून राहणाऱ्या पाहुण्यालाही थोडा वेळ 'कर्मयोग' म्हणून काम करावं लागतं. मुंगेरच्या बिहार योग विद्यालयाची गंमत वेगळीच. त्यांच्या छापील पत्रकांत चौकशीसोबत स्वतःचा पत्ता लिहिलेला, तिकीट लावलेला लिफाफा जोडा अशी सूचना असायची. व्हॉट्सॲपवर दोन निळ्या रेघा दिसल्या की उत्तराची वाट बघणाऱ्या माणसाची पहिली परीक्षा तिथंच होते. कुठंही जा, लेखी होकार हातात आल्याशिवाय तिकीट काढू नका.

घराजवळचं उदाहरण: आळते

सेवेचा अर्ज नेमका कसा चालतो हे समजून घ्यायला मुंगेरला जायची गरज नाही. हातकणंगले तालुक्यात आळत्याला, रामलिंग रस्त्यावर 'धम्मालय' हे विपश्यना ध्यानाचं केंद्र आहे. हे योगासनांचं केंद्र नव्हे. उलट दहा दिवसांच्या शिबिरात आसनंसुद्धा बंद ठेवायला सांगतात. पण निवासी साधनेचे नियम इतके स्पष्ट लिहून ठेवलेले दुसरीकडे क्वचित सापडतील, म्हणून मी कुणालाही आधी इथलेच नियम वाचायला सांगतो.

पात्रतेची पहिली अट अशी, की सत्यनारायण गोयंका यांच्या परंपरेतलं दहा दिवसांचं एक शिबिर पूर्ण केलेलं असल्याशिवाय इथं सेवा देता येत नाही. अर्धं सोडून आलेलं चालत नाही. शिवाय त्यानंतर दुसरी ध्यानपद्धत धरलेली नसावी. म्हणजे मार्ग असा: आधी साधक म्हणून अर्ज, शिबिर पूर्ण, मग धम्मसेवक म्हणून दुसरा अर्ज.

साधकाचा अर्ज केंद्राच्या संकेतस्थळावर भरायचा. नाव, वय, शिक्षण, व्यवसाय, भाषा हे नेहमीचं. त्यापुढचे प्रश्न महत्त्वाचे: आधी कुठली ध्यानपद्धत किंवा उपचारपद्धत केली आहे, शारीरिक आजार, मानसिक आजार, चालू औषधं, व्यसन, गरोदरपण, सोबत कुणी नातेवाईक किंवा मित्र येतोय का. दहा दिवसांचं शिबिर म्हणजे प्रत्यक्षात अकरा रात्री. पहिल्या दिवशी दुपारी पोचायचं, बाराव्या दिवशी सकाळी निघायचं. "आठव्या दिवशी मेहुण्याचं लग्न आहे, तेवढं जाऊन येतो" हे चालत नाही. पहाटे चारला घंटा, रात्री नऊपर्यंत दिनक्रम, मोबाइल जमा, दहाव्या दिवसापर्यंत मौन. सकाळी अकराला जेवण. नव्या साधकाला संध्याकाळी पाचला चहा-फळं आणि मग थेट दुसऱ्या दिवशीची न्याहारी. तांबड्या-पांढऱ्या रश्श्यावर पोसलेल्या पोटाला हे पहिले तीन दिवस जड जातं, नंतर सवय होते. शिबिराची फी नाही. दान फक्त शिबिर पूर्ण केलेल्यांकडूनच घेतात, त्यामुळे आधी पैसे देऊन जागा पक्की करायचा प्रश्नच येत नाही.

सेवकाच्या अर्जात आधीच्या शिबिराची तारीख आणि ठिकाण विचारतात. ती आठवत नसेल तर जुने ईमेल उघडा. सेवकाला पूर्ण मौन नसतं, कामापुरतं बोलता येतं. पण पाच शीलं (हिंसा, चोरी, कामाचार, खोटं आणि नशा यांपासून दूर राहणं) पाळायची आणि सकाळी आठ, दुपारी अडीच व संध्याकाळी सहा या तिन्ही सामूहिक साधनांना एकेक तास बसायचं. बाकी वेळ स्वयंपाकघर, वाढप, साफसफाई, साधकांची अडचण बघणं. पुरुष सेवक पुरुषांच्या बाजूला, स्त्री सेविका स्त्रियांच्या. मानधन नाही. नवरा-बायको दोघांनी एकाच वेळी सेवा द्यायची तर अर्ज दोन भरायचे आणि तिथं एकत्र वावरता येईल असं गृहीत धरायचं नाही.

कागदपत्रं

इथं लोक उगाच घाबरतात. महाद्वार रोडवर झेरॉक्सवाल्याकडे अर्धा तास गेला की नव्वद टक्के काम होतं.

ओळख आणि पत्ता यासाठी आधार पुरतं. प्रत देताना आधारच्या संकेतस्थळावरून 'मास्क्ड' प्रत काढा. तिच्यावर शेवटचे चारच आकडे दिसतात. प्रतीवर "फक्त अमुक आश्रमाच्या निवासासाठी" असं पेनानं लिहून खाली सही आणि तारीख. मूळ आधार सोबत न्या, पण कुणाकडे ठेवून घेऊ देऊ नका. मूळ कागदपत्रं 'सुरक्षित ठेवतो' म्हणणारी जागा मला स्वतःला तरी पटत नाही.

वयाची अट सेवेसाठी जवळपास सगळीकडे १८ पूर्ण ही असते. वरची मर्यादा क्वचित लिहिलेली असते, पण साठीच्या पुढच्यांना प्रकृतीबद्दल जास्त विचारतात.

वैद्यकीय दाखला आश्रम मागेलच असं नाही, तरी काढून ठेवा. त्यासाठी सीपीआरच्या, म्हणजे सरकारी रुग्णालयाच्या, रांगेत उभं राहायला नको. आपल्या नेहमीच्या डॉक्टरांनी लेटरहेडवर, नोंदणी क्रमांक आणि शिक्क्यासह "शारीरिक श्रम करण्यास योग्य" असं लिहून दिलं की झालं. पाठ, गुडघे, दमा, मधुमेह, रक्तदाब यांचा उल्लेख असू दे. लपवलंत तर तुम्हाला गव्हाची पोती उचलायला लावतील आणि दोष त्यांचा नसेल. चालू औषधांची चिठ्ठी आणि पूर्ण मुदतीच्या गोळ्या सोबत असाव्यात. मानसिक आजाराची औषधं चालू असतील तर अर्जात स्पष्ट लिहा आणि आधी आपल्या डॉक्टरांशी बोला. "आता ध्यान करणार, गोळ्या कशाला" म्हणून स्वतःच बंद करणं हा मला माहीत असलेला सगळ्यात धोकादायक प्रकार. गंभीर मानसिक आजार असलेल्यांना विपश्यना केंद्रं शिबिराला न येण्याचाच सल्ला देतात. तो नकार अपमान समजू नका.

एक-दोन महिन्यांहून जास्त राहायचं असेल, किंवा आश्रमाची शाळा असेल आणि लहान मुलांत वावरायचं असेल, तर पोलिसांचं चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र मागू शकतात. त्याचा अर्ज महाऑनलाइनच्या संकेतस्थळावरून होतो. कोल्हापूरला पोलीस आयुक्तालय नाही, त्यामुळे अर्जात जिल्हा पोलीस अधीक्षकांचं कार्यालय निवडायचं. ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, वयाचा पुरावा, फोटो, सही हे अपलोड करायचं, शुल्क ऑनलाइन भरायचं. मग आपल्या ठाण्यातून बोलावणं येतं. भाड्याच्या घरात राहत असाल तर भाडेकरार हाताशी असू दे, अर्ज अडकतो तो इथंच. हे प्रमाणपत्र लागणार असं दिसलं तर ते सगळ्यात आधी सुरू करा. बाकी सगळं दोन दिवसांत होतं.

स्टॅम्पपेपरवर प्रतिज्ञापत्र करायला मात्र कुणी मागितल्याशिवाय धावू नका. बहुतेक ठिकाणी साध्या कागदावरचं, सही केलेलं स्वयंघोषणापत्र चालतं. त्यात तीन गोष्टी असाव्यात: मी स्वेच्छेनं येत आहे, मला वेतन मिळणार नाही हे ठाऊक आहे, आणि अडचणीत संपर्क करायच्या व्यक्तीचं नाव व फोन. ती व्यक्ती घरातली असावी आणि तिला आपण कुठं जातोय हे माहीत असावं. हे वेगळं सांगायची वेळ येते, म्हणून सांगतोय.

परदेशी मित्राला सोबत न्यायचं असेल तर त्याचा व्हिसा बघा. भारताच्या ई-पर्यटक व्हिसावर विनामोबदला सेवाकार्य जास्तीत जास्त एक महिना करता येतं. त्याच्या मुक्कामाची सरकारदरबारी नोंद करणं ही आश्रमाची जबाबदारी असते, म्हणून पासपोर्ट-व्हिसाच्या प्रती आधीच पाठवा.

अर्जातला तो रकाना

परत 'उद्देशा'कडे येतो. तिथं काय लिहायचं? जे हातानं येतं ते. "तीस माणसांचा स्वयंपाक केला आहे", "टॅलीवर हिशोब येतो", "नळजोडणी जमते", "कन्नड बोलता येतं", "म्हशीची धार काढतो". शेवटचं विनोदानं लिहिलेलं नाही. गोशाळा असलेल्या आश्रमात धार काढणारा माणूस पदव्युत्तर योगशिक्षकापेक्षा लवकर हवा असतो आणि करवीर-पन्हाळ्याच्या पोराला हे कौशल्य वाटतच नाही. 'काहीही करेन' असं लिहू नका. असं लिहिणाऱ्याला भांड्यांच्या हौदापाशी उभं करतात आणि तो चौथ्या दिवशी तोंड पाडतो. किती दिवस राहणार याच्या दोन्ही तारखा लिहा. 'जमेल तितके दिवस' हे उत्तर नाही.

आपणही विचारायचे प्रश्न

अर्ज करणारा फक्त उत्तरं द्यायला बसलेला नसतो. रोज किती तास काम, आठवड्याची सुटी आहे का, साधनेचे वर्ग सेवकाला मिळतात की काम संपल्यावर उरतील तेवढेच, खोली की सामायिक दालन, दवाखाना किती लांब, मध्येच घरी जायची वेळ आली तर काय. हे ईमेलवर विचारा म्हणजे उत्तर लेखी राहतं. संस्था महाराष्ट्रातली असेल तर धर्मादाय आयुक्तांकडचा तिचा न्यास नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका. प्रामाणिक संस्था तो पावतीवरच छापते. देणगी द्यायची झाली आणि तिच्यावर आयकरात सवलत हवी असेल तर लक्षात ठेवा, २,००० रुपयांच्या वरच्या रोख देणगीला ती मिळत नाही.

बायकांसाठी एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात 'कर्मचारी' या व्याख्येत विनावेतन, स्वेच्छेनं काम करणारी व्यक्तीही येते. दहा किंवा अधिक माणसं काम करतात तिथं अंतर्गत समिती असलीच पाहिजे. "तुमच्या अंतर्गत समितीच्या अध्यक्षा कोण?" एवढा एक प्रश्न अर्जासोबत पाठवा. "आमच्याकडे सगळे एका कुटुंबासारखे आहोत, समिती कशाला" असं उत्तर आलं तर दुसरा आश्रम शोधा.

रजा आणि रस्ता

राज्य सरकारी नोकरीत असाल तर विपश्यना शिबिरासाठी रजा देण्याबाबतचा शासन निर्णय आहे. आपल्या कार्यालयाच्या आस्थापना शाखेत त्याची प्रत मागा आणि शिबिराचा होकार आल्यावर रजेचा अर्ज जोडा. परतल्यावर शिबिर पूर्ण केल्याचं पत्र केंद्रातून घेऊनच निघा, मागाहून मिळवायला त्रास होतो. सेवेच्या दिवसांसाठी मात्र आपली नेहमीची रजाच धरून चाला. खासगी नोकरीत 'वैयक्तिक कारण' एवढं पुरतं. आश्रम म्हटलं की साहेबांना उगाच वाटतं, हा आता भगवी घेणार.

लोणावळ्याला जायला कोयना एक्स्प्रेस बरी. आळत्याला जायला शिरोलीवरून सांगली रस्त्यानं हातकणंगले गाठायचं, रेल्वेनंही हातकणंगले स्थानक आहेच. फक्त जुलै-ऑगस्टमधलं शिबिर धरताना पंचगंगेचा विचार करा. २०१९ आणि २०२१ मध्ये शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली होता आणि पंचगंगेपलीकडचं काहीच गाठता येत नव्हतं. त्या दिवसांत पोचायच्या तारखेच्या आदल्या दिवशीच नदी ओलांडा, आणि येता येणार नाही असं दिसलं तर लगेच कळवून जागा सोडा. प्रतीक्षायादीवर कुणीतरी इचलकरंजीत पिशवी भरून बसलेलं असतं.

पिशवीत काय? दोन जोड सैल सुती कपडे जास्तीचे, ओढणी किंवा पंचा, बॅटरी, कुलूप, साधं घड्याळ, कारण मोबाइल जमा झाल्यावर वेळ कळत नाही. आणि कोल्हापुरी चपला घरी ठेवा. ध्यानगृहाबाहेर शंभर जोड असतात आणि पहाटे चारच्या अंधारात त्यांची करकर सगळ्यांना ऐकू जाते.