कोरफड : औषधी उपयोग

कोरफड ही मांसल पानांची बहुवर्षायू वनस्पती मूळची अरबी द्वीपकल्पातील. आयुर्वेदात तिला कुमारी म्हणतात, कन्नडमध्ये लोळेसर. बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील मराठी घरांच्या परसात तिची एखादी कुंडी किंवा जुना पत्र्याचा डबा असतोच. पाणी साचले की तिची मुळे कुजतात. त्यामुळे जांबोटी-कणकुंबीच्या पावसात ती वळचणीखालीच बरी, तर अथणीकडच्या कोरड्या रानात बांधावरही तगते.

पानात दोन अगदी वेगळी द्रव्ये असतात आणि घरगुती वापरातला बहुतेक घोळ ती एक समजल्याने होतो. सालीलगत पिवळा, कडू चीक असतो. आत पारदर्शक गर. गरात सुमारे ९८ टक्के पाणी, उरलेल्यात मुख्यतः अ‍ॅसिमॅनन गटातील बहुशर्करा (साखरेच्या रेणूंच्या लांब साखळ्या). चुलीचा चटका, तेलाचा शिंतोडा, उन्हाने पोळलेली कातडी यांवर गर लावतात. किरकोळ भाजण्यात तो गुणकारी ठरत असल्याचे काही अभ्यास सांगतात. मात्र १९९१ च्या एका चाचणीत शस्त्रक्रियेच्या उघड्या जखमा कोरफडीच्या मलमाने उशिराच भरल्या. मोठे फोड, खोल जखम यांवर तिचा प्रयोग करू नये.

गर काढताना पान तोडून काही वेळ उभे ठेवतात. चीक निथळला की काटेरी कडा उतरवून गर धुतात. एवढा धीर नसेल तर पोटात घेऊ नये हे उत्तम. चिकातील अ‍ॅलोइन तीव्र रेचक आहे: पोटात कळा येतात, जुलाब होतात. गरोदरपणी तो वर्ज्य. हाच चीक आटवून वाळवला की काळा बोळ होतो. त्याच्या कडूपणामुळे मुलांचे अंगावरचे दूध तोडायला तो वापरण्याची रीत होती. अमेरिकेने २००२ मध्ये दुकानांत सहज मिळणारी कोरफडीची रेचके बंद केली.

वैद्यांकडचे कुमारी आसव हा निराळाच प्रकार. कोरफडीचा रस, गूळ, मध आणि धायटीची फुले घालून ते आंबवतात. पाळीच्या तक्रारी व यकृतविकार यांत देतात.

दृष्ट लागू नये म्हणून उंबऱ्यावर उलटी टांगलेली कोरफड महिनोन्महिने हिरवी राहते, ती साठवलेल्या पाण्यावर. तिची रंध्रे, म्हणजे पानांवरची सूक्ष्म छिद्रे, दिवसा मिटलेली असतात, रात्री उघडतात; त्यामुळे पाणी फारसे उडून जात नाही. मात्र अशी लटकून सुरकुतलेली पाने औषधाला घेऊ नयेत. त्यांत गर फारसा उरलेला नसतो.