मृत्यूला सेन्सॉर केलं की टक्केवारी फुगणारच

कॅप्लान-मायर, म्हणजे अमुक काळापर्यंत घटना न घडलेल्यांचं प्रमाण काढण्याची पद्धत, तुम्हाला येतो असं धरून चालतो. एकच घटना असेल, उदाहरणार्थ कोणत्याही कारणाने झालेला मृत्यू, तर १९५८ पासूनची ही पद्धत उत्तम आहे. घोळ सुरू होतो तो खुब्याचा सांधा बदललेल्या वयस्कर रुग्णांत पुन्हा शस्त्रक्रिया लागण्याची शक्यता काढताना. आधीच वारलेल्यांना सेन्सॉर करायचं, म्हणजे त्यांचा पाठपुरावा तिथेच सुटला असं धरायचं, एकातून कॅप्लान-मायर वजा करायचा आणि उत्तराला बेधडक ‘क्युम्युलेटिव्ह इन्सिडन्स’, म्हणजे तोवर घटना घडलेल्यांचं प्रमाण, म्हणायचं, हे अजूनही शोधनिबंधांत दिसतं. ते चूक आहे, आणि चूक एकाच दिशेची असते: आकडा फुगतो.

दहा रुग्ण घ्या. दरवर्षी एकाची घटना घडते, पाठपुरावा कुणाचाच सुटत नाही. दुसऱ्या, पाचव्या आणि आठव्या वर्षी पुन्हा शस्त्रक्रिया, उरलेल्या सात वर्षांत एकेक मृत्यू. दहापैकी तिघे, म्हणजे ३० टक्के. इथे सूत्रसुद्धा लागत नाही. आता मृत्यू सेन्सॉर करा: ८/९ × ५/६ × २/३ = ०.४९४. एकातून वजा केल्यावर ५०.६ टक्के!

वरचे २०.६ आले कुठून? सेन्सॉर झालेल्याचा वाटा कॅप्लान-मायर मागे उरलेल्यांत वाटून देतो. त्याच्या लेखी तो माणूस आहेच, फक्त आपल्या नजरेआड गेलाय, आणि पुढे त्याचंही इतरांसारखंच होणार. गाव बदललेल्या, फोन न उचलणाऱ्या रुग्णाबद्दल हे मानता येतं. वारलेल्याची शस्त्रक्रिया मात्र कधीच होणार नाही. तरी त्याचा वाटा पुढे सरकत राहतो, म्हणून वक्राच्या उड्या ११.१, मग १४.८, मग २४.७ टक्के अशा वाढत जातात. खरं तर प्रत्येक उडी दहातल्या एकाची, १० टक्क्यांचीच.

आलेन-योहान्सन पद्धत (१९७८) नेमकी इथेच वेगळी आहे. त्या वेळचा घटना भागिले जोखमीतले रुग्ण हा अपूर्णांक दोन्हीकडे तोच. कॅप्लान-मायर त्याला फक्त ‘पुन्हा शस्त्रक्रिया न झालेल्यां’च्या वक्राने गुणतो, आलेन-योहान्सन ‘जिवंत आणि शस्त्रक्रियेविना’ असलेल्यांच्या प्रमाणाने. आठव्या वर्षी पहिल्यात ०.७४१ × १/३, दुसऱ्यात ०.३ × १/३. फरक एवढाच आहे, आणि सगळं त्यावरच अवलंबून आहे.

पडताळा सोपा आहे. नवव्या वर्षाअखेर कॅप्लान-मायरने दोन्ही घटना वेगवेगळ्या काढा: शस्त्रक्रिया ५०.६, मृत्यू ७९.८. बेरीज १३० टक्के. आलेन-योहान्सनने ३० अधिक ६०, आणि उरलेले १० टक्के म्हणजे अजून घटना न घडलेला एक रुग्ण.

‘दोन्ही धोके परस्परांपासून स्वतंत्र आहेत, मग सेन्सॉर केलं तर काय बिघडलं?’ हा बचाव मला सर्वांत खटकतो. स्वतंत्र असले, तरी ५०.६ हा आकडा कुणीच मरत नाही अशा जगाचा आहे. त्या जगात रुग्ण राहत नाही, आणि त्याला समोर बसवून तो आकडा सांगणं म्हणजे त्याची दिशाभूल. शिवाय हे स्वातंत्र्य हाताशी असलेल्या नोंदींवरून तपासताही येत नाही. मृत्यू थोडे असतील तर दोन्ही उत्तरं जवळपास येतात, पण तेव्हाही चुकीची पद्धत वापरायला कारण नाही.

हॅझर्डचं, म्हणजे अजून घटना न घडलेल्यांत ती त्या क्षणी घडण्याच्या वेगाचं, मात्र वेगळं आहे. कारण-विशिष्ट (एकाच प्रकारच्या घटनेचा हॅझर्ड पाहणाऱ्या) कॉक्स मॉडेलमध्ये मृत्यू सेन्सॉर करणं बरोबरच. त्या हॅझर्डवरून एकट्याने टक्केवारी काढायला गेलं की बिघडतं. फाइन-ग्रे मॉडेल (१९९९) थेट क्युम्युलेटिव्ह इन्सिडन्सवर चालतं, भाकितासाठी चांगलं. त्याचा गुणक ‘कारण’ म्हणून वाचू नका: एखादं औषध मृत्यू घटवत असेल, तर शस्त्रक्रियेचं प्रमाण त्याने आपोआप वाढलेलं दिसू शकतं. दोन्ही घटनांची कारण-विशिष्ट मॉडेल्स आणि सोबत आलेन-योहान्सन वक्र, हीच मांडणी मी मानतो. गटांचे वक्र ताडायचे तर ग्रे चाचणी. लॉग-रँक कारण-विशिष्ट हॅझर्ड ताडते.

‘आर’ या संख्याशास्त्राच्या संगणकभाषेत ‘सर्व्हायव्हल’ पॅकेजच्या सर्व्हफिट फंक्शनला स्थितीचा स्तंभ फॅक्टर (अंकांऐवजी गटांची नावं) करून द्या, पहिली पातळी सेन्सॉरची ठेवा, आलेन-योहान्सन आपोआप मिळतो. ०, १, २ असे अंक तसेच दिलेत, तर ती १-२ ची नोंद समजली जाते: शून्यवाले, म्हणजे तुमचे खरे सेन्सॉर रुग्ण, गाळले जातात आणि १ ला सेन्सॉर धरलं जातं. इशारा येतो, पण वक्रही येतो, आणि बरेच जण इशारा न वाचता वक्रच छापतात.