स्वस्त पण चविष्ट पुणे: माधुकरीपासून मेसच्या डब्यापर्यंत

पुण्यात थोडक्या पैशांत पोटभर आणि चवीचं खायला मिळतं, हे बाहेरगावाहून आलेल्या मुलाला पहिल्या आठवड्यातच कळतं. त्याचं श्रेय पुणेकरांच्या काटकसरीला द्यायची आपल्याकडे पद्धत आहे. मला ते अपुरं वाटतं. काटकसरीने दर कमी राहतात, चव कशी टिकेल? या शहरात प्रत्येक पिढीत घर सोडून आलेली माणसं मोठ्या संख्येने राहिली. शिकायला आलेली मुलं, कचेरीतले कारकून, बाजारातले हमाल. ही माणसं रोज आणि वर्षानुवर्षं त्याच ठिकाणी जेवत राहिली. रोजच्या गिऱ्हाइकाला एकदा पातळ आमटी वाढून निभावता येतं, दुसऱ्या दिवशी ते तोंडावर बोलतं. पुण्यातलं स्वस्त अन्न चांगलं राहिलं ते या धाकामुळे, असं माझं ठाम मत आहे.

सुरुवात खानावळीच्याही आधीची आहे. 1880 मध्ये न्यू इंग्लिश स्कूल आणि 1885 मध्ये फर्ग्युसन कॉलेज सुरू झालं, आणि कोकणातून, देशावरून मुलं पुण्यात येऊ लागली. बहुतेकांच्या खिशात फीपुरतेसुद्धा पैसे नसायचे. मग जेवण दोन मार्गांनी व्हायचं. एक माधुकरी: झोळी घेऊन ठरलेल्या घरांपुढे उभं राहायचं आणि पदरात पडेल ते एकत्र करून खायचं. दुसरा वार: सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, अशी सात घरं बांधून घ्यायची. 1909 मध्ये स्थापन झालेल्या अनाथ विद्यार्थी गृहाने, म्हणजे आजच्या पुणे विद्यार्थी गृहाने, गरीब मुलांना शिकवताना सुरुवातीला माधुकरीचाच आधार घेतला.

ही सोय सगळ्यांसाठी नव्हती, हे लपवून ही गोष्ट सांगू नये. वार आणि माधुकरी जातीच्या चौकटीतच चालायची. ब्राह्मण मुलाला सात घरं मिळायची, बहुजन आणि दलित मुलाला एकही नाही. म्हणून त्यांच्या शिक्षणाचा इतिहास वसतिगृहांचा इतिहास आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1932 मध्ये, पुणे कराराच्या स्मरणार्थ, पुण्यात युनियन बोर्डिंग हाऊस काढलं. वेगवेगळ्या जातींची मुलं तिथे एका पंगतीला बसून जेवत. स्वस्त जेवणाबद्दल लिहिताना या पंगतीचं मोल मला फार मोठं वाटतं.

त्या काळात साधा चहासुद्धा किती महाग पडू शकत असे, याचं उदाहरण पुण्यातच आहे. 1890 मध्ये पंचहौद मिशनमध्ये एका व्याख्यानाला शहरातली प्रतिष्ठित मंडळी गेली. तिथे चहा-बिस्किटं पुढे आली. हजर असलेल्यांची नावं छापून आली आणि मिशनऱ्यांच्या हातचा चहा घेतला म्हणून गावात ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचा वाद, उभं राहिलं. त्यात न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्तं झाली.

पुढच्या तीन-चार दशकांत याच शहरात चहा कोपऱ्याकोपऱ्यावर विकला जाऊ लागला. त्यातली एक वाट इराण्यांची. इराणातून आलेल्या कुटुंबांनी कॅम्पात आणि मग नदीच्या अलीकडे-पलीकडे हॉटेलं थाटली. डेक्कनवरचं गुडलक 1935 चं. बन-मस्का, चहा, फार तर एक ऑम्लेट, आणि तेवढ्यावर तासभर बसायची मुभा. इराण्याच्या टेबलावर कोणी कोणाची जात विचारत नसे. कॉलेजच्या मुलांना स्वस्ताईइतकंच हे मोकळेपण हवं होतं.

दुसरी वाट अमृततुल्यची, आणि ती अस्सल पुणेरी. गंमत अशी की ती रुजवली राजस्थानातून आलेल्या श्रीमाळी ब्राह्मण कुटुंबांनी: दवे, ओझा, जोशी ही त्यांची नेहमीची आडनावं. दुकानांची नावं देवांची: अंबिका, नर्मदेश्वर, नागनाथ. जागा एवढीशी, दोन-तीन बाकडी, आणि चहा करणारा उंच बैठकीवर, रस्त्याकडे तोंड करून. जवळ उभं राहून पाहिलं तर त्याचं कसब कळतं. पितळी पातेल्यात दूध, पाणी आणि साखर आधीपासून उकळत असते. आलं आणि वेलदोडा तो तिथेच कुटून टाकतो, चहाची पूड अंदाजाने हातानेच पडते, मग पळीने वर उचलून वर-खाली करत राहायचं. रंग मनासारखा आला की फडक्यातून पिळून किटलीत. हे सगळं गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत होतं, त्यामुळे शिळा चहा गरम करून द्यायची सोयच नाही. परवडण्यामागे आणखी एक कारण होतं. 1930 च्या दशकात सीटीसी यंत्राची, म्हणजे पानं चिरडून, फाडून, वळवून केलेली, दाणेदार पूड निघाली. ती पानाच्या चहापेक्षा स्वस्त, दुधात लवकर रंग सोडणारी, आणि थोडक्यात जास्त कप देणारी. गोड, दाट, आल्याचा चहा कष्टकऱ्याला परवडला तो या पुडीमुळे. आणि तरी जड वाटलं तर एकात दोन, म्हणजे एक चहा दोघांत वाटून, होतेच.

खानावळींचा जोर साधारण याच काळात वाढला. टिळक रस्त्यावरची बादशाही असो, पेरूगेटजवळचं पूना बोर्डिंग असो, किंवा मूकपटांचे दिग्दर्शक नानासाहेब सरपोतदार यांनी लक्ष्मी रस्त्यावर 1935 मध्ये काढलेलं पूना गेस्ट हाऊस असो, सूत्र जवळजवळ एकच. पदार्थ मोजके, वेळ ठरलेली, ताट एकच. काय मागतील याचा अंदाज बांधायचा नाही, त्यामुळे वाया काही जात नाही. भाजी मंडईत जी स्वस्त असेल ती. डाव्या बाजूला मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर असतेच, आणि खरं सांगायचं तर साध्या जेवणाला रंगत तिथूनच येते. शेंगदाण्याची चटणी आणि काकडीची कोचवलेली कोशिंबीर यांचा खर्च कितीसा? पण त्यांच्यामुळे वरण-भात-पोळी ही जेवणाची थाळी होते.

महिन्याचे पैसे आगाऊ घेणाऱ्या मेसमध्ये एक नियम अजून चालतो, तो म्हणजे खाडा. गावाला जाणार असाल तर आधी सांगायचं, तेवढ्या जेवणांचे पैसे पुढच्या महिन्यात वळते होतात. रविवारी दुपारी फीस्ट, त्यात एखादं गोड, आणि संध्याकाळी मेस बंद. त्या बंद संध्याकाळींनी पुण्यातल्या भेळेच्या आणि वडापावच्या गाड्या जगवल्या.

मिसळीबद्दल इतकं लिहिलं जातं की मी थोडक्यात आटोपतो. जुन्या पुणेरी मिसळीत पोहे, चिवडा, बटाट्याची भाजी, शेव आणि वरून रस्सा. उपाहारगृहात हे सगळं एरवीही तयार असतंच. त्याच सामानातून नवा पदार्थ उभा राहतो आणि रस्सा पुन्हा वाढला की एका प्लेटमध्ये दुपारपर्यंतची सोय होते. उन्हाळ्यात त्यावर रसवंतीत उसाचा रस. पुण्यातल्या इतक्या रसवंत्या नवनाथ आणि कानिफनाथ यांच्या नावाने का, असं विचारलं तर उत्तर पुरंदर तालुक्यात सापडतं: हा धंदा करणारी कित्येक कुटुंबं बोपगावच्या, म्हणजे कानिफनाथ गडाच्या पायथ्याच्या, परिसरातली.

या सगळ्या इतिहासात मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी घटना 1974 ची आहे. 1972 च्या दुष्काळाने महाराष्ट्र होरपळला होता, रेशनवर लाल मिलो, म्हणजे परदेशातून आलेली लाल ज्वारी, येत होता, धान्याचे भाव चढलेले होते. नाना पेठ, भवानी पेठेत शंभर किलोची पोती पाठीवर वाहणाऱ्या हमालाला दुपारी भजी-पाव खाऊन भागणार नव्हतं. त्याला भाकरी हवी होती आणि हॉटेलात ती परवडत नव्हती. डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखालच्या हमाल पंचायतीने मग स्वतःच चूल पेटवली: कष्टाची भाकर. ना नफा ना तोटा. ज्वारीची भाकरी, झुणका, भाजी. खाणारा आणि चालवणारा एकाच संघटनेतला असल्यावर तिथे निकृष्ट अन्न टिकूच शकत नाही. दान घेतल्याची भावना मनात न आणता, पैसे मोजून, चांगलं खाता येणं ही गोष्ट माधुकरीच्या झोळीपासून फार लांबचा पल्ला गाठून आलेली होती.

सरकारने हीच कल्पना दोनदा उचलली. 1995 मध्ये युतीच्या सरकारने एक रुपयात झुणका-भाकर दिली. गावोगाव केंद्रं निघाली, पण रुपयात भाकरी परवडेना आणि बऱ्याच ठिकाणी त्या टपऱ्यांवर दुसरेच पदार्थ विकले जाऊ लागले. 2000 साली योजना गुंडाळली. 26 जानेवारी 2020 ला शिवभोजन आलं: दोन चपात्या, वाटीभर भाजी, वाटीभर वरण, मूदभर भात, दहा रुपयांत. शहरात थाळीची किंमत 50 रुपये धरून उरलेले 40 सरकारने केंद्रचालकाला द्यायचे, असा हिशेब होता. करोनाच्या काळात ती पाच रुपयांवर आणि पुढे काही महिने मोफतही दिली गेली. त्या दिवसांत तिने अनेकांना तारलं, हे मान्य करायलाच हवं.

आता पेठांमधल्या स्वस्ताईला धोका आहे तो जागेच्या भाड्याचा, आणि याची चर्चा पुरेशी होत नाही. जुन्या खानावळी, अमृततुल्य, उपाहारगृहं यांतली बरीच वाड्यांच्या तळमजल्यावर, जुन्या भाडेकरारावर चालत आली. 1947 च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी गोठली. 2000 पासून लागू झालेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यातही संरक्षित भाडेकरूला वर्षाला चार टक्क्यांपर्यंतच वाढ लागते. तेल, गॅस, डाळ महागली तरी ताटाचा दर आवरता आला, त्यात या गोठलेल्या भाड्याचा वाटा मोठा. वाडा पाडून इमारत उभी राहिली की नव्या गाळ्याचं भाडं बाजारभावाने बसतं. मग मालक एक तर दर दुप्पट करतो, नाही तर दुकान बंद करतो. सदाशिव आणि नवी पेठेत स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणाऱ्या हजारो मुलांचं जेवण म्हणूनच आता दुकानातून घरगुती स्वयंपाकघरांकडे सरकलं आहे. एखाद्या फ्लॅटमध्ये सकाळी पाचला कणीक भिजते, डबे अभ्यासिकेच्या दारात पोचतात. तिथे पाटी नाही, बाकडी नाहीत, पण महिन्याचा हिशेब आणि खाडा दोन्ही तसेच आहेत.